चाखून बघता येत नाही, वाचूनच घ्यावं लागतं : मटणाची ॲलर्जी असलेल्या घरासाठी पाकिटं तपासायची रीत

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाला चार वर्षं नोकरीला होता. सुट्टीत मित्रांबरोबर रानात फिरायला जायचा, तिथंच कधीतरी पायाला गोचीड चावली. पुढे काही महिन्यांनी एका रात्री साडेसातला जेवून झोपला आणि साडेबाराला अंगभर पित्ताच्या गांधी घेऊन उठला. ओठ सुजलेले, पोटात मुरडा. आमच्याकडे पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावतात, तसं फोनवर आईनं त्याला सांगितलंही. असं तीनदा झालं, तेव्हा तिथल्या ॲलर्जीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि निदान केलं : अल्फा-गॅल सिंड्रोम. मटण, बीफ, पोर्क, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या मांसाची ॲलर्जी.

आता तो लातूरला परत आलाय. घरातला किराणा मी भरते, त्यामुळे पाकिटं वाचायचं काम माझ्याकडे आलं. गंजगोलाईतल्या आमच्या किराणावाल्यांना आता सवय झालीय, मी पुडा उलटा करून वाचायला लागले की ते दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळतात. दोन वर्षांत जे शिकले ते इथं क्रमानं लिहिते. मराठवाड्यातली कितीतरी मुलं-मुली आज अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, युरोपात आहेत आणि ही ॲलर्जी देणाऱ्या गोचिड्या तिथं आहेत. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेनं, सीडीसीनं, 2010 ते 2022 या काळात 1,10,000 हून जास्त संशयित रुग्ण मोजले. अशा घरांना याचा उपयोग व्हावा.

आधी दुखणं समजून घ्या

अल्फा-गॅल ही एक साखर आहे, पण आपण चहात घालतो ती नव्हे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, ससा, हरीण अशा सस्तन प्राण्यांच्या शरीरात ती असते. माणसात आणि वानरांत नसते. गोचीड चावताना ती रक्तात जाते आणि काहींच्या शरीरात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. मग तीच साखर पोटातून आली की शरीर बिथरतं. अमेरिकेत हे मुख्यतः लोन स्टार नावाच्या गोचिडीमुळे होतं. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या डॉ. थॉमस प्लॅट्स-मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये मटणाच्या या उशिरा येणाऱ्या ॲलर्जीचा अल्फा-गॅलशी दुवा जोडला आणि 2011 मध्ये गोचिडीशी. त्याआधी अशा रुग्णांना 'कारण सापडत नाही' असंच सांगितलं जायचं.

कोंबडी, बदक, मासे, झिंगे, अंडी यांत अल्फा-गॅल नसतं, म्हणजे मांसाहार सगळा बंद होत नाही.

या ॲलर्जीची सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे उशीर. शेंगदाण्याची ॲलर्जी असली तर काही मिनिटांत तोंड खाजायला लागतं. इथं त्रास दोन ते सहा तासांनी येतो. म्हणून 'एक तुकडा खाऊन बघ, काही झालं तर थांब' हे चालत नाही, कारण काही व्हायला सुरुवात होईतो अख्खं ताट पोटात गेलेलं असतं. शिवाय एकदा पचलं म्हणजे पुढच्या वेळी पचेलच असंही नाही. व्यायाम, दारू, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या यांनी त्रास वाढू शकतो. त्यामुळे पाकिटाला जे विचारायचं ते खाण्याआधीच विचारावं लागतं.

पहिली पायरी : नक्की काय टाळायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या

ही ॲलर्जी असलेल्या दोन माणसांचं पथ्य एकसारखं नसतं. मटण आणि प्राण्यांची चरबी सगळ्यांनाच बंद. जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून काढलेला जेलीसारखा घटक, काहींना बाधतो. दूध बऱ्याच जणांना चालतं, काहींना अजिबात नाही, आणि काहींना चहातलं चालतं पण साय, क्रीम, चीज, आइस्क्रीम असं स्निग्ध खाल्लं की त्रास होतो. माझ्या भावाचं असंच आहे. कुंथलगिरीच्या खव्याचा एक पेढा त्याला सोसतो, आइस्क्रीमचा मोठा कप नाही. हे आम्ही घरात प्रयोग करून ठरवलेलं नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरलंय.

म्हणून रक्ताची चाचणी (अल्फा-गॅल स्पेसिफिक आयजीई, म्हणजे या साखरेविरुद्धची प्रतिपिंडं मोजणारी) झाल्यावर चार गोष्टींवर स्पष्ट हो किंवा नाही लिहून घ्या : मांस-चरबी, जिलेटिन, दूध-तूप, कॅराजीनन (समुद्री शेवाळापासूनचा एक घटक, त्याबद्दल पुढे). हा कागद हातात नसताना लेबल वाचायला बसलात तर एक तर नको ते घरात येईल, नाहीतर सगळंच बंद करून माणूस उपाशी राहील.

दुसरी पायरी : हिरवं चिन्ह काय सांगतं आणि काय सांगत नाही

आपल्या देशात या रुग्णांची एक मोठी सोय आहे, जी अमेरिकेत माझ्या भावाला नव्हती. भारतात पाकीटबंद खाण्यावर शाकाहारी-मांसाहारी चिन्ह छापणं सक्तीचं आहे. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. पूर्वी तिथंही गोल ठिपकाच असायचा, 2020 च्या लेबलच्या नियमांत त्रिकोण आला.

एफएसएसएआय म्हणजे आपल्या देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण. त्याच्या व्याख्येप्रमाणे प्राण्यापासून मिळालेला कुठलाही घटक असला की तो पदार्थ मांसाहारी. म्हणजे जिलेटिन, लार्ड (डुकराची चरबी), हाडांपासूनचे घटक, चीजसाठी दूध घट्ट करायला वापरतात ते वासराच्या पोटातून काढलेलं रेनेट हे सगळं तपकिरीत जातं. पण या व्याख्येतून दूध, दुधाचे पदार्थ, मध, मेण, लाख हे वगळलेले आहेत. मध, मेण आणि लाख कीटकांकडून येतात, त्यांची आपल्याला काळजी नाही. दुधाची असू शकते.

तेव्हा हिरवा ठिपका दिसला की मांस, चरबी, जिलेटिन नाही एवढं धरून चला. दूध असू शकतं. दूध ज्यांना बंद आहे त्यांनी एफएसएसएआयचं व्हीगन चिन्ह शोधावं. इंग्रजी व्ही अक्षर आणि त्यावर छोटंसं पान असं ते हिरवं चिन्ह आहे, त्याचे नियम 2022 मध्ये लागू झाले. त्यात दूधही नसतं. पण व्हीगन पदार्थातही कॅराजीनन असू शकतं, त्याबद्दल खाली लिहिलंय.

हिरव्या चिन्हामुळे एक गंमतशीर गोष्ट सोपी होते. 'मटण मसाला' लिहिलेल्या पाकिटाला बघून आई सुरुवातीला हातही लावायची नाही. पण त्यात नुसते मसाले असतात, मटण घालायचं ते आपण. हिरवा ठिपका बघून घ्या आणि त्याच मसाल्यात कोंबडीचा रस्सा करा.

आता तपकिरी. तपकिरी त्रिकोण दिसला की लगेच परत ठेवू नका. नुसतं अंडं असलं तरी तेच चिन्ह येतं. मासे, कोंबडी यांनाही तेच. अंड्याचा केक, फिश फिंगर्स, चिकन नूडल्स यांतलं बरंचसं आपल्याला चालतं. तपकिरी म्हणजे 'थांब आणि पुढचं वाच'.

तिसरी पायरी : घटकांची यादी शब्द-शब्द करून

यादी इंग्रजीत किंवा हिंदीत असते, मराठीत असेलच असं नाही. माझ्या आईला इंग्रजी वाचता येत नाही, पण जिलेटिन या शब्दाची इंग्रजी अक्षरं, जी-ई-एल-ए-टी-आय-एन, तिनं कागदावर गिरवून ओळखीची करून घेतली. शेवटी कधी एक जादा ई असतो. अक्षरं बारीक असली तर मोबाइलनं फोटो काढून मोठा करा. दुकानातल्या अंधाऱ्या मांडणीपुढे उभं राहून डोळे ताणण्यापेक्षा ते बरं पडतं.

यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं असतात. ॲलर्जीच्या दृष्टीनं शेवटचा घटकही पहिल्याइतकाच महत्त्वाचा, म्हणून शेवटपर्यंत जा.

सरळ नकार देणारे शब्द असे : मटण, लॅम्ब, बीफ, पोर्क, हॅम, बेकन, सलामी. लार्ड म्हणजे डुकराची चरबी. टॅलो आणि सुएट म्हणजे गुरा-मेंढ्यांची चरबी. बीफ किंवा बोन ब्रॉथ, स्टॉक, एक्स्ट्रॅक्ट म्हणजे मांसाचा-हाडांचा अर्क. 'बोव्हाइन' म्हणजे गोवंशातलं, 'पोर्साइन' म्हणजे डुकराचं, 'ओव्हाइन' म्हणजे मेंढीचं. आपल्याकडच्या नियमात डुकराची चरबी, लार्ड आणि बीफची चरबी ही नावानिशीच लिहावी लागते, नुसतं 'ॲनिमल फॅट' म्हणून झाकता येत नाही. परदेशातून आलेल्या मूळ लेबलवर मात्र असं मोघम सापडतं.

दुसरा गट विचारून घ्यायच्या शब्दांचा. जिलेटिन माशाचंही असतं आणि ते चालतं, पण नुसतं 'जिलेटिन' लिहिलेलं असेल तर ते गुराचं किंवा डुकराचं धरा. घटकांच्या यादीत नावाऐवजी कधी नुसता क्रमांक असतो : जिलेटिनचा 428, आयात मालावर ई 441. मार्शमेलो, गमी, जेलीच्या गोळ्या, मूस, चीजकेक, काही फळांची दही यांत ते असतं. 'हलाल जिलेटिन' वाचून बिनधास्त होऊ नका. हलाल म्हणजे डुकराचं नाही एवढंच, गुराचं असू शकतं. कोलॅजेनची पावडरही दोन्हीकडून येते, 'मरीन' लिहिलेली माशाची.

क्रमांकांची भीती बाळगू नका. 471, 472, 481, 482, 570, 572, 631 हे घटक वनस्पतीपासूनही बनतात आणि प्राण्यांपासूनही. पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर ते प्राण्यापासूनचे नाहीत, विषय संपला. तपकिरी असेल तर कंपनीला विचारा. आमच्या घरी पहिले तीन महिने आम्ही 471 दिसला की ब्रेडसुद्धा परत करत होतो. काही गरज नव्हती. 120 (किरमिजी रंग) आणि 904 (लाख) कीटकांचे. 406 म्हणजे आगर, आपलं चायना ग्रास. 440 पेक्टिन, 412 गवार गम, 415 झँथन. हे सगळे चालतात.

कॅराजीननवर जरा थांबते. ते लाल समुद्री शेवाळापासून काढतात, त्याचा प्राण्याशी संबंध नाही, म्हणून हिरव्या आणि व्हीगन दोन्ही चिन्हांखाली ते आरामात बसतं. पण त्याच्या रचनेत अल्फा-गॅलसारखी जोडणी असते आणि काही रुग्णांना त्यानं त्रास होतो. क्रमांक 407. आपल्याकडच्या शाकाहारी जेली क्रिस्टल्समध्ये जिलेटिनच्या जागी बहुधा तेच घालतात, चॉकलेट मिल्कमध्ये आणि आइस्क्रीममध्येही असतं. डॉक्टरांनी बंद केलं नसेल तर उगाच घाबरू नका. मात्र मांस, जिलेटिन, दूध सगळं थांबवूनही त्रास चालू राहिला तर 407 ची आठवण ठेवा.

दूध बंद असलेल्यांना हे शब्द लागतील : मिल्क सॉलिड्स, एसएमपी म्हणजे साय काढलेल्या दुधाची पावडर, व्हे, केसिन, केसिनेट, लॅक्टोज, बटर ऑइल, घी. जिमला जाणाऱ्या पोरांची व्हे प्रोटीन पावडर दुधाचीच असते, त्याऐवजी सोया किंवा वाटाण्याची घ्यावी. इथं यादीखालची 'कंटेन्स मिल्क' ही ॲलर्जीची ओळ मोठा आधार देते.

पण ती ओळ मांसासाठी निरुपयोगी आहे. ॲलर्जीच्या सक्तीच्या यादीत गहू वगैरे ग्लुटेनची धान्यं, कवचधारी जलचर, अंडं, मासे, शेंगदाणा आणि सुकामेवा, सोयाबीन, दूध, सल्फाइट एवढेच आहेत. जिलेटिन आणि गोमांस त्यात नाही. म्हणजे ती ओळ कोरी असली तरी आपल्या दृष्टीनं पाकीट निर्धोक ठरत नाही.

आणि साखर : परदेशात काही कारखाने ती हाडांच्या कोळशातून गाळतात हे वाचून आमच्याकडे एकानं साखरच बंद करायचा सल्ला दिला होता. आपल्याकडची नेहमीची पांढरी साखर चुना आणि गंधकाच्या धुरानं साफ करतात. निवांत खा.

चौथी पायरी : 'चिकन' लिहिलंय तिथं दुप्पट लक्ष द्या

आमची एकमेव मोठी चूक इथं झाली. भावाला परत येऊन महिना झाला होता. मी एका मोठ्या दुकानातून गोठवलेली चिकन सॉसेजेस आणली. पुढे ठळक अक्षरात 'चिकन', म्हटलं चालतंय. संध्याकाळी सातला त्यानं चार खाल्ली. रात्री एक वाजता त्यानं माझ्या खोलीचं दार वाजवलं, तेव्हा मान आणि पाठ लालभडक झाली होती आणि त्याला नीट श्वास घेता येत नव्हता. दवाखान्यात इंजेक्शन दिलं आणि तासाभरात तो सावरला.

पहाटे घरी आल्यावर मी कचऱ्याच्या डब्यातून ते पाकीट काढलं, ओट्यावर पुसून घेतलं. बर्फाच्या पाण्यानं शाई फुगली होती. आईचा चष्मा लावला आणि बोट ठेवत ठेवत वाचलं : चिकन, पाणी, स्टार्च, मीठ, मसाले, आणि अगदी शेवटी, घडीच्या खाली गेलेल्या ओळीत, 'कोलॅजेन केसिंग'. केसिंग म्हणजे सॉसेजचं वरचं पातळ आवरण. ते मेंढीच्या किंवा डुकराच्या आतड्याचं असतं, नाहीतर गुराच्या कातडीतल्या कोलॅजेनचं. आत कोंबडी, बाहेर गुराचं कातडं. लेबलवर लिहिलेलं होतं, मी शेवटपर्यंत गेले नव्हते.

तेव्हापासून सॉसेजमध्ये केसिंग कशाचं ते लिहिलेलं नसेल तर मी घेत नाही. 'सेल्युलोज केसिंग' वनस्पतीचं. तसंच चिकन सलामी, नगेट्स, कबाब, सूपचे क्यूब, तयार ग्रेव्ही यांत दुसरी चरबी किंवा दुसरा अर्क मिसळलाय का ते बघा.

पाचवी पायरी : लेबल गप्प असेल तर लिहून विचारा

एखादा घटक स्वतःच अनेक घटकांचा बनलेला असेल आणि पदार्थात पाच टक्क्यांहून कमी असेल, तर त्याच्या पोटातले घटक सगळे लिहावे लागत नाहीत. तपकिरी पाकिटावर 'फ्लेव्हर' किंवा 'सीझनिंग' एवढंच असलं की मी कंपनीला लिहिते. ग्राहकसेवेचा फोन आणि ईमेल पाकिटावर असतोच. फोनवर 'नाही हो मॅडम, सगळं सेफ आहे' असं उत्तर येतं, म्हणून ईमेलच करा. 'यात प्राण्याचं काही आहे का' असं विचारू नका, कोंबडीही प्राणीच आहे. मी असं लिहिते :

'घरात गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर यांच्या घटकांची गंभीर ॲलर्जी असलेली व्यक्ती आहे. आपल्या या उत्पादनातलं जिलेटिन, चरबी, केसिंग, 471 आणि फ्लेव्हर नेमकं कोणत्या प्राण्यापासून किंवा वनस्पतीपासून आहे? त्याच यंत्रावर बीफ, मटण किंवा पोर्कचे पदार्थ बनतात का?' सोबत बॅच नंबर आणि लेबलचा फोटो.

नीट उत्तर आलं तर वहीत तारखेसह लिहायचं. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर ती वस्तू आमच्या घरात येत नाही. कंपनी घटक बदलू शकते, म्हणून ओळखीचं पाकीटही दर वेळी वाचायचं. वेष्टनाचं डिझाइन बदललेलं दिसलं तर नक्कीच.

परदेशातून आलेला खाऊ वेगळा धरा. दुकानात विकल्या जाणाऱ्या आयात मालावर भारतीय स्टिकर असतो, त्यावर चिन्ह मिळतं. पण दिवाळीला पाहुण्यांनी बॅगेतून आणलेल्या चॉकलेट-गमींवर चिन्ह नसतं, तिथं तिसरी पायरी पूर्ण करावी लागते. गावातल्या बेकरीच्या क्रीम पेस्ट्रीला तर लेबलच नसतं. बेकरीवाल्यांना एकच विचारा : 'भाऊ, जिलेटिन वापरता की चायना ग्रास?' त्यांना लगेच कळतं.

सहावी पायरी : औषधाच्या डब्याकडेही वळा

औषधांच्या पट्टीवर हिरवं-तपकिरी चिन्ह नसतं. नेहमीच्या कॅप्सूलचं कवच आणि मऊ गोळीसारख्या कॅप्सूलचं आवरण बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं. मेडिकलवाल्याला 'एचपीएमसी कॅप्सूल आहे का' विचारा, ती वनस्पतीची. नाहीतर डॉक्टरांना गोळी, पुडी किंवा पातळ औषध लिहून द्यायला सांगा. चालू औषध मात्र स्वतःहून बंद करू नका. हेपरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात ते औषध), काही लसी, प्राण्यांच्या ऊतींपासूनच्या हृदयाच्या झडपा यांतही हा प्रश्न येतो, म्हणून कुठल्याही ऑपरेशनआधी ही ॲलर्जी केसपेपरवर लिहायला लावा. शेतातल्या माणसासाठी आणखी एक : सर्पदंशाचं आपल्याकडचं इंजेक्शन घोड्याच्या रक्तापासून बनतं. साप चावला तर ते नाकारायचं नाही, जीव त्यानंच वाचतो. फक्त देण्याआधी डॉक्टरांना ॲलर्जी सांगायची, म्हणजे ते तयारीनिशी देतील.

रिकामी पाकिटं

त्रास उशिरा येतो, त्यामुळे तो येईपर्यंत वेष्टन कचऱ्यात गेलेलं असतं. त्या सॉसेजच्या रात्रीनंतर आईनं स्वयंपाकघराच्या दारामागे एक खिळा ठोकला. भावानं खाल्लेल्या प्रत्येक पाकिटाचं वेष्टन धुऊन त्याला अडकवायचं, दुसऱ्या दिवशी दुपारीच काढायचं. रात्री अंगावर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली किंवा उलट्या थांबेनात, तर आमसूल लावत बसायचं नाही. डॉक्टरांनी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन घरी ठेवायला दिलं असेल तर ते शिकवल्याप्रमाणे द्यायचं आणि 108 ला फोन करायचा. निघताना डॉक्टरांचा तो चार ओळींचा कागद आणि खिळ्यावरची पाकिटं पिशवीत घालायची, आणि दवाखान्यात पहिल्यांदा सांगायचं की जेवण कितीला झालं होतं.